बिनचुलीच्या घरतबाई

घरतबाईंच्या घरात चूल नव्हती. चूल म्हणजे मातीची नाही हो, ती कोपरखैरण्यात कुणाकडे असणार? साधी गॅसची शेगडीसुद्धा नव्हती. इंडक्शन नाही, स्टोव्ह नाही, काही नाही. स्वतःच्या मालकीचा फ्लॅट, त्यात छान कडाप्प्याचा ओटा, ओट्याखाली सिलिंडरसाठी केलेला कप्पा, आणि त्या कप्प्यात काय, तर इंग्रजी मासिकांचे गठ्ठे. ओट्यावर शेगडीच्या जागी मायक्रोस्कोप. मसाल्याच्या डब्यात हळद-तिखटाऐवजी टाचण्या, रबरबँड आणि काचपट्ट्या. आडनाव घरत, आणि घरात चूल नाही! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, बाई नव्या आल्यायत, सामान लागायचं असेल. वर्षं गेली, ते सामान काही लागलं नाही.

आता ती बिल्डिंगच राहिली नाही. रिडेव्हलपमेंटला गेली, आणि आम्ही सगळे चाळणीतून सांडल्यासारखे इकडेतिकडे पांगलो. मी करंजाड्याला भाड्याच्या घरात आलेय. इथली लिफ्ट बोलते, पण शेजारीण बोलत नाही. सकाळी चहाला गॅस पेटवला, की अजून माझ्या कानात घरतबाईंचा तो खडा आवाज येतो, "शिंदेवहिनी, चूल पेटली का?"

कशा आहात, काय चाललंय, असलं काही त्या विचारायच्याच नाहीत. जिन्यात भेटल्या, चूल पेटली का. भाजीवाल्यापाशी भेटल्या, चूल पेटली का. एकदा पालिकेचे साहेब कुंड्यांखालच्या ताटल्यांत डासांच्या अळ्या शोधायला आले, तर त्यांनाही तेच. साहेब बिचारे गोंधळले आणि म्हणाले, "नाही मॅडम, मिसेस माहेरी गेलीय."

स्वतःची चूल नाही ती नाही, आणि दुसऱ्यांच्या चुलीची एवढी उठाठेव! मी साताऱ्याकडची, मला असल्या गोष्टी पोटात ठेवता येत नाहीत. त्यात मी सोसायटीची सेक्रेटरी. मी आमच्या ह्यांना म्हटलं, "ही बाई जेवते कुठं?" हे म्हणाले, "डबा येतो ना तिला. तुला काय करायचंय?" म्हटलं, "मला सगळंच करायचंय."

तर ऐका. डॉक्टर यमुना घरत. गाव उरणकडचं, आगरी. लग्न केलेलं नाही. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, चाल अशी की पुढच्या माणसानं आपोआप बाजूला व्हावं. बोलणं एरवी शुद्ध, अगदी रेडिओवरच्यासारखं, पण राग आला किंवा मन भरून आलं की गावचं बोलणं वर यायचं. 'पाणी'चं 'पानी' झालं, की आम्ही ओळखायचो, आज बाईंचं काहीतरी बिनसलंय. खाडीपलीकडच्या कुठल्याशा संस्थेत संशोधन करतात, एवढंच माहीत होतं. आणि एक माहीत होतं, की त्यांना पोरं आहेत.

म्हणजे असं, की बाई कुठल्याही कार्यक्रमातून मध्येच उठायच्या. हळदीकुंकवाला आल्या, वाण हातात पडलं न पडलं तोच, "चला, पोरांचं जेवण राहिलंय." सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून चांगलं भांडण रंगात आलेलं, बाई उठल्या. "पोरं उपाशी आहेत." रविवार नाही, दसरा नाही. भर पावसात, बंदच्या दिवशी, बाई आपली छत्री घेऊन निघाल्या पोरांना जेवू घालायला. त्यात किराणावाल्या भावेशकडून मेणबत्त्यांची पुडकीच्या पुडकी न्यायच्या. भावेशनं एकदा न राहवून विचारलं, "मॅडम, पोरं ठेवलीत तिथं लाईट नाय काय?" बाई म्हणाल्या, "लाईट आहे. पण त्यांना मेणबत्तीच लागते."

झालं! सगळ्या बिल्डिंगला कळवळा आला. बिनलग्नाची बाई, कुणाची पोरं सांभाळते, कुठं अंधारात ठेवलीत, चूल नाही तर त्यांना घालते काय! दिवाळीत मी डबाभर बेसनाचे लाडू घेतले आणि त्यांची बेल वाजवली. म्हटलं, "बाई, संकोच करू नका. तुमच्या पोरांसाठी आहेत."

बाईंनी डबा उघडला, डोळे मिटून वास घेतला. "वा! पण वहिनी, माझी पोरं लाडू नाही खात."

"मग काय खातात?"

"रक्त."

मी तिथंच जिन्याच्या पायरीवर बसले. तोंडातून काय निघावं? "ताजं?"

"शक्यतो ओ पॉझिटिव्ह," बाई म्हणाल्या, आणि एक लाडू तोंडात टाकला.

मग त्यांनी मला हाताला धरून आत नेलं. आपल्याकडे जिथं देवाची नाहीतर नातवंडांची तसबीर असते, तिथं त्यांच्याकडे एक मोठा रंगीत फोटो होता. गुलाबी गोल, आणि त्याच्या आत जांभळ्या खड्याच्या अंगठीसारखं काहीतरी इवलंसं. "ही तांबडी पेशी, आणि हा तिच्यात बसलेला मलेरियाचा जंतू. माझा धाकटा." मी म्हटलं, "गोड आहे." दुसरं काय म्हणणार?

तेव्हा सगळा उलगडा झाला. बाई संस्थेत काचेच्या बशांमध्ये माणसाच्या रक्तावर मलेरियाचे जंतू वाढवायच्या. त्यांना रोज ताजं खाणं द्यावं लागतं, नाहीतर मरतात. त्या बशा एका जाड काचेच्या भांड्यात ठेवायच्या, आत मेणबत्ती पेटवायची आणि वरून झाकण घट्ट लावायचं. मेणबत्ती आपली आपण विझली, की समजायचं, आतला प्राणवायू जंतूंना सोसेल इतका कमी झाला. पुढे तिथं त्यासाठी नवी यंत्रं आली म्हणे, पण बाई आपल्या बशांना मेणबत्तीच लावायच्या. म्हणायच्या, "यंत्र कधी बंद पडतं कळत नाही. मेणबत्ती सांगून विझते."

आता या बाईंच्या कामाचं मूळ काय, ते आम्हाला ज्या दिवशी कळलं तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. त्या वर्षी आमच्या सेक्टरमध्ये मलेरियानं ठाण मांडलं होतं. चेअरमन कुलकर्णी म्हणाले, आपल्याकडे घरचीच तज्ज्ञ आहे, व्याख्यान ठेवू. खाली पार्किंगमध्ये सतरंज्या घातल्या, समोसे सांगितले. आमची अपेक्षा काय, तर बाई सांगतील कॉइल लावा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, संपलं.

बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डास सोडा हो. डास म्हणजे रिक्षावाला. आत सवारी कोण बसलीय ती बघा."

पुढचा तासभर बाई थांबल्या नाहीत. समोसे गार झाले. पण खरं सांगते, शाळेत विज्ञान ऐकून मला झोप यायची, तशी त्या दिवशी आली नाही.

त्या म्हणाल्या, "आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींमध्ये बारक्या बारक्या चुली असतात. शेकड्यांनी. पुस्तकात त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात, मी चूल म्हणते. एखादी विझली तरी बाकीच्या असतात. पण हा आपल्या रक्तातला मलेरियाचा जंतू आहे ना, त्याच्या घरात चूल एकच. एकुलती एक. ती गेली की संसार आटोपला."

मी आपली मध्येच शहाणपणानं म्हटलं, "म्हणजे घरोघरी मातीच्या चुली!"

"माझ्या घरी नाही," बाई ताडकन म्हणाल्या, आणि पुढे गेल्या. सगळे हसले. त्या हसल्या नाहीत, हे मी बघितलं.

"तर ती चूल टिकते कशानं? लिंपणानं. चुलीच्या आतल्या पडद्याला एका खास जातीच्या चरबीचं लिंपण असतं. लिपिड. लिपिड म्हणजेच लिंपण, शब्दसुद्धा एकाच घरचे आहेत. ग्रीकांचा तो शब्द आणि आपला हा शब्द मावसभाऊ. मी हे एकदा परिषदेत म्हणाले तर साहेब लोक हसले. हसू देत. त्यांच्या आयांनी चुली सारवल्या नसतील."

कुलकर्ण्यांनी घड्याळ बघितलं. बाईंनी कुलकर्ण्यांकडे बघितलं. कुलकर्ण्यांनी घड्याळ झाकलं.

"आता हे लिंपण आपोआप होत नाही. कुणीतरी पोतेरं फिरवावं लागतं. ते करणारी ती विकरं, एन्झाइम. विकर म्हणजे कामवाली. भांडी घासते, पण स्वतः झिजत नाही, लगेच पुढच्या घरी जाते. माझी एक आहे, ती फक्त जंतूची चूल सारवते. तिचा हात थांबला की चुलीला भेगा. भेगा पडल्या की आगीचा जोर गेला. मी इतकी वर्षं त्या एकीच्या मागे आहे. तिचे हात बांधायचे, पण आपल्या शरीरात आपल्या चुली सारवणारी जी आहे, तिला धक्का लावायचा नाही. दोघींची वळणं वेगळी दिसतायत, म्हणून आशा आहे."

"औषध सापडलं का मग?" कुणीतरी विचारलं.

"अजून नाही. कामवाल्या काय सहज सापडतात?"

यावर मात्र सगळ्या बायका मनापासून हसल्या. मग बाईंनी शेवटचं सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज उतरला. त्या म्हणाल्या, "या जंतूचं घर फुटतं. एकाची पुष्कळ पोरं होतात आणि ती बाहेर पडतात. पण त्याआधी काय होतं माहितीय? ती एकच चूल लांब होते. तिला फांद्या फुटतात. प्रत्येक पोराच्या वाट्याला तिचा एक तुकडा जातो, आणि मगच घर मोडतं. एवढा दुष्ट जीव, माणसं मारतो. पन वाटनी करताना कोनाला इसरत नाय."

पन. कोनाला. मी ह्यांच्याकडे बघितलं. बाईंनी घटाघटा पाणी प्यायलं.

कुलकर्णी आभार मानायला उठले आणि म्हणाले, "तर एकंदरीत, मॅडम, गच्चीवरच्या टाकीला झाकण लावायचं ना?"

"ते तर लावाच. त्याला पीएचडी कशाला लागते?" म्हणून बाई निघाल्या. पोरं उपाशी होती.

त्या दिवसापासून आमचं जमलं. बाई बाजारातून मासे आणायच्या आणि थेट माझ्या दारात. "वहिनी, हे घ्या, तुमच्या चुलीवर होऊ द्या." मी म्हणायची, "अहो, आज सोमवार!" "म्हणून काय झालं? माशांना वार कळत नाही." मंगळवारी मग मी कालवण करायची आणि बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहून बघायच्या. आत कधी यायच्या नाहीत. भाकरी तव्यावरून आचेवर टाकली आणि टम्म फुगली, की लहान मुलीसारखं 'आली, आली!' म्हणायच्या. पण पाऊल उंबऱ्याबाहेर.

एकदा मी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि आतल्या खोलीत फोनवर होते, वन्सं काही फोन ठेवेनात. बाई उंबऱ्यावरून ओरडायला लागल्या, "वहिनी, दूध! वहिनी, वर आलं! वहिनी, गेलं!" मी धावत आले तर सगळं दूध उतू जाऊन फरशीवर. आणि ही बाई शेगडीपासून दोन हातांवर उभी! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "काय बाई तुम्ही! एवढ्या डॉक्टर झालात, एक बटण फिरवता येईना?"

बाईंनी फडकं घेतलं, खाली बसल्या आणि फरशी पुसायला लागल्या. वर न बघता म्हणाल्या, "दुसऱ्याच्या चुलीला हात लावू नये गो."

"मग स्वतःची आणा ना! शेगडी का मिळत नाही कुठं?"

"चूल विकत नाय घेवाची. चूल वाट्याला येवाला लागते."

मग तिथंच दुधाच्या थारोळ्यात बसून बाईंनी सांगितलं ते असं.

त्यांची आई घरची मोठी मातीची चूल रोज पहाटे सारवायची. हात फिरवून भेग शोधायची, बोटानं लिंपायची, मग पेटवायची. ती गेली, आणि पुढे तिघा भावांनी वेगळं व्हायचं ठरवलं. भांडण नव्हतं, घर पुरेना, एवढंच. गावातली जुनी माणसं ओटीवर बसली. शेत वाटलं, भांडी वाटली. तीन भाऊ, तीन चुली. यमुनाबाई तेव्हा शिक्षण संपवून घरी आल्या होत्या आणि तिथंच बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. कुणीतरी विचारलं, "आनि यमूचं काय?" मोठे दादा म्हणाले, "ती काय, जिथं वाढू तिथं जेवंल."

"दुसऱ्या दिवशी मी निघाले," बाई म्हणाल्या.

"एवढ्याशा शब्दावर?"

"एवढ्याशाच. दादानं मला सायकलवर डबलसीट बसवून कॉलेजला सोडलं होतं. त्याच्या मनात पाप नव्हतं. तेच तर. पाप असतं तर भांडले तरी असते."

मी आपलं फडकं पिळलं आणि दुसऱ्या बाजूनं पुसायला लागले. त्या दिवशी आमच्याकडे कोरा चहा झाला.

दिवस जातात हो, कुणासाठी थांबत नाहीत. बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या विकराचं औषध झालं नाही, पण ती कामवाली जंतूच्या घरात काम कसं करते, ते पुष्कळसं उलगडलं. "आता तिचे हात दुसरं कुणी बांधेल," म्हणाल्या. काही पोरं संस्थेच्या अतिथंड टाकीत झोपवून आल्या. बाकीच्या बशा बंद करायच्या होत्या. शेवटची मेणबत्ती विझल्यावर तिचं थोटूक रुमालात बांधून घरी आणलं आणि मसाल्याच्या डब्यात ठेवलं.

त्यानंतर बाई खचल्याच. कुठं जायचं नाही, कुणाला जेवू घालायचं नाही. सकाळी दारात यायच्या, "चूल पेटली का?" तासाभरानं परत, "पेटली का चूल?" डबा येऊन तसाच पडलेला असायचा. मी ताट नेलं तर दोन घास खायच्या. गालफडं बसली. मी ह्यांना म्हटलं, "ही बाई आता आपल्या डोळ्यांदेखत जाणार. आणि आपण ताटं नेऊन काही व्हायचं नाही. जिथं वाढतील तिथंच जेवतेय ती अजून."

अशात एक दिवस उरणहून दादा आले. पांढराशुभ्र सदरा, काठी, जिने चढून दमलेले. मी बाईंकडेच होते. दादा म्हणाले, जुनं घर आता पाडायचंय, भिंती कलल्यात, मुलं नवं बांधतायत. एकदा येऊन बघून जा. बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मना काय बघाचं? माझं काय हाय त्या घरात?" दादा थोडा वेळ बसले. मी घरून आणलेला चहा प्यायले, आणि उठले.

मी त्यांच्या मागे जिन्यात गेले. मला राहवतच नाही. म्हटलं, "दादा, रागावू नका. वाटणीच्या वेळी तुम्ही काय बोलला होता, आठवतं का?"

"काय बोललो?"

मी सांगितलं. जिथं वाढू तिथं जेवंल.

म्हाताऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या. आठवायचा फार प्रयत्न केला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मी असं बोललो?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, बहीण शिकली, मोठी झाली, म्हणून आता गावाकडं येत नाही. मी लाडवाच्या दिवशी ज्या पायरीवर बसले होते, त्याच पायरीवर दादा बसले. मी पाणी आणून दिलं, ते हातातच राहिलं.

मग एका रविवारी सकाळी खाली टेम्पो थांबला. दादा, त्यांची बायको, आणि तिच्या डोक्यावर लुगड्यानं झाकलेलं घमेलं. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. साठी उलटलेली ती बाई घमेलं घेऊन तीन जिने चढली, कुणाला हात लावू दिला नाही. घरतबाईंच्या हॉलमध्ये, त्या जांभळ्या धाकट्याच्या फोटोखाली, घमेलं ठेवलं. आत काळपट, भाजलेली माती होती. ढेकळंच्या ढेकळं.

"आईच्या चुलीची माती हाय," दादा म्हणाले. "घर पाडायच्या आधी खणून काढली. वाटे केले. ह्यो तुझा."

बाई जागेवरूनच म्हणाल्या, "वाटे किती केले?"

"चार."

"तीन भाव, नि चार वाटे?"

दादांनी काठी दोन्ही हातांनी धरली. "तवा मोजताना चुकलो गो यमू. तू समोरच बसलेलीस ना, म्हनून मोजायचीच राहिलीस."

बाई पुढे झाल्या, मातीचं एक ढेकूळ फोडलं, चिमटीत चुरून बघितलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "हिच्यात भाताचं तूस कमी हाय. अशीच घातली तर भेगा पडतील."

दादांच्या बायको, म्हणजे बाईंच्या वहिनी, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मना माहीत हाय! तूस आनि शेन खाली टेम्पोत हाय. तू सांगायचीच वाट बघत होती!"

आता ऐका माझी पंचाईत. आमच्या जिन्यात, माझ्याच अक्षरात, माझ्याच सहीची नोटीस होती, 'बाल्कनीत विस्तव पेटवू नये. हुकमावरून, सेक्रेटरी.' मी गेले, ती नोटीस काढली, चार घड्या घातल्या आणि कमरेला खोचली. कुलकर्णी दारात आले आणि म्हणाले, "शिंदेबाई, हे नियमात बसतं का?" मी म्हटलं, "कुलकर्णी, नियम मी लिहिलाय, मलाच वाचता येत नाहीये. तुम्ही जरा ती विटांची पिशवी वर घ्या." घेतली बिचाऱ्यांनी.

माती कालवली, चूल घातली. पुढचे कितीतरी दिवस ती बाल्कनीत सुकत होती आणि बाई रोज सकाळी डोळे मिटून तिच्यावरून हात फिरवत होत्या. बारीकशी भेग लागली की पोतेरं फिरवायच्या. डबा खाऊन संपवायला लागल्या होत्या. मी विचारलं, "काय शोधता एवढं?" तर म्हणाल्या, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामवालीचा अभ्यास केला. आता स्वतः लिंपून बघते."

पेटवायच्या दिवशी दादा-वहिनी पुन्हा आले. मी गॅसचा लायटर पुढे केला. वहिनी म्हणाल्या, नवी चूल जुन्या चुलीच्या विस्तवावर पेटवायची असते, पण जुनी तर गेली. बाई उठल्या, मसाल्याच्या डब्यातून ते मेणबत्तीचं थोटूक आणलं. काडी ओढून ते पेटवलं, आणि त्यावर सुकी काटकी धरली. "हा माझ्या पोरांच्या घरचा विस्तव," म्हणाल्या. चुलीनं एकदम पेट घेतला. जराही धूर आत आला नाही, तरी माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. कुलकर्ण्यांना मी सांगितलं, धुरानं. छे, धूर कसला! मला रडू आलं होतं, आणि आवरत नव्हतं.

भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण. भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला. तिखट तर इतकं, की ह्यांना उचकी लागली. बाई जिन्यात गेल्या, कठड्यावरून वाकल्या आणि साऱ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी हाक दिली, "चूल पेटली गो! या जेवायला!" शुद्ध मराठी त्या दिवशी पार खाडीपलीकडं गेली होती.

माणसं जमली. बाईंनी पहिलं ताट वाढलं आणि स्वतःच्या हातानं दादांपुढे नेऊन ठेवलं. हात लगेच मागे घेतला नाही. ताटाची कड धरूनच विचारलं, "दादा, जिथं वाढीन तिथं जेवशील ना?"

दादांनी दोनदा मान हलवली. मग म्हणाले, "जेवीन गो यमू, जेवीन," आणि तो करपलेला भात शेवटच्या शितापर्यंत जेवले.